उजव्या बाजूचा बोल्ट

मालवण,
१२ फेब्रुवारी १९८६

ह्युबर्ट,

हे पत्र माफी मागण्यासाठी नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे तू उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाहीस. सात वर्षांपूर्वी आबांच्या बाराव्याला, आमच्या दारापुढच्या खळ्यात, सगळ्या भावकीदेखत मी म्हटलं होतं की माझा बाप तुझ्या वायरिंगने मारला. त्यातला एक शब्द मी आज मागे घेत नाही.

मग पत्र कशाला? अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून. यातला हरी कोण आणि गाढव कोण ते तिकडे बहरीनमध्ये बसून तू ठरव.

तुझा पत्ता सुगंधाने आणला. सुगंधा म्हणजे माझी बायको. तू गेल्यावर दोन वर्षांनी लग्न झालं, त्यामुळे तुला माहीत नसणार. ती तुझ्या आईकडे गेली, पत्ता मागितला, आणि कार्मीनमायने 'कित्याक' असं एका शब्दानेही न विचारता कागदावर लिहून दिला. मी गेलो नाही. मी त्या वाटेने जातच नाही.

आता कामाचं. इथे नीरजाबाई म्हणून एक डॉक्टर आल्या आहेत. त्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली आणि पणजीहून तिला एसी बसवून आणला. मालवणात गाडीला एसी म्हणजे माशाला छत्री, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्या दम्याच्या पेशंटना गाडीत घालून कुडाळला नेतात आणि लाल मातीच्या रस्त्यावर काच उघडली की माणूस पोचेपर्यंत निळा पडतो. मी माझी छत्री मिटून घेतली.

दुखणं असं आहे. एसी लावला की पाच-सात मिनिटं झकास गार. मग कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन सुटतो, पंखा मंदावतो आणि गरम वारा येऊ लागतो. बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा तेच. एसी चालू असताना हॉर्न दाबला तर शेळी ओरडल्यासारखा आवाज. वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचार करत थांबतो. हेडलाइटला मात्र काही होत नाही. स्टार्टर एका हाकेत गाडी उचलतो, त्यामुळे बॅटरी आणि अर्थिंग दोन्ही ठणठणीत आहेत असं मी समजतो. पणजीवाले म्हणतात गॅस पुरेसा आहे. फ्यूज बदलले, रिले बदलला, बॅटरीसुद्धा दुसरी लावून बघितली.

मला गाडीची वायर कळते, पण हा गारव्याचा कारभार माझ्या बापजन्मात मी केलेला नाही. तिकडे म्हणे टेम्पोलासुद्धा एसी असतो. तेव्हा तुला कळत असेल. कळत असेल तर कळव, नसेल तर तसंही कळव.

गुरुदास


मालवण,
१६ मार्च १९८६

ह्युबर्ट,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पाकिटातून पडलेलं औषधाचं प्रिस्क्रिप्शन. वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझा' नाही, मध्ये एक ते सात आकडे. सुगंधा म्हणाली, ह्या माणसाक बोलूक जमणा नाय की बोलूचा नाय? मी म्हटलं, दोन्ही. शाळेतही मास्तरांनी निबंध घातला की तू चार ओळीत उरकायचास.

पण आकड्यांप्रमाणे सगळं केलं. एक, एसी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला: साडेबारा व्होल्ट. दोन, तोच मीटर कॉम्प्रेसरच्या वायरीवर आणि तिथल्याच पत्र्यावर लावला: साडेआठ. चार व्होल्ट वाटेत कुठे तरी गायब. तीन आणि चार, थर्मोस्टॅट आणि प्रेशरचा स्विच, दोन्ही ठीक. पाच, सगळ्या जोडण्या घासून साफ केल्या, काडीचा फरक नाही.

सहावं वाचून मी खुर्चीतून उठलो. 'एसी, वायपर, हॉर्न एकदम लाव आणि चोकच्या तारेला हात लावून बघ.' मी म्हटलं, ह्युबर्टाला ऊन लागलं. एसीचं दुखणं आणि चोकचा काय संबंध? ती बिचारी पेट्रोलसाठी ओढायची तार, तिच्यात वीज येणार कुठून? तरी लावला हात. ह्युबर्ट, हात भाजला. डॅशबोर्डवरचं चोकचं बटण इस्त्रीसारखं तापलं होतं. तू तीन समुद्र पलीकडे बसून हे कसं ओळखलंस?

आणि सातवं. 'गाडीचा नंबर काय?'

याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवून मी आठ दिवस काढले. शेवटी सुगंधा म्हणाली, डॉक्टरान काय दुखता विचारल्यार पोट दाखवूक लाजतत काय? म्हणून सांगतो. तीच आहे. बाबूची टॅक्सी.

नीरजाबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी काम घेणार नव्हतो. रंग काळा-पिवळा जाऊन पांढरा झालाय, गाद्या नव्या आहेत, पण नंबर मला झोपेत विचारला तरी सांगता येईल. पुढचा डावा दरवाजा उघडला आणि तोच जुना करकर आवाज आला. त्या सीटवर आबा बसले होते. मी दरवाजा तसाच लावला आणि म्हटलं, सोमवारी या. सोमवारी त्या आल्या, मागच्या सीटवर एक म्हातारी धापा टाकत होती. मग काय करणार?

तुला त्या संध्याकाळचं सगळं माहीत आहे, पण मला ते कधीच कोणाला सरळ सांगता आलेलं नाही, म्हणून लिहितो. आपलं दुकान सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. मे महिन्यात बाबूने टॅक्सी आपल्याकडे आणली. इंजिन मेकॅनिकने बाहेर काढलं, आपण आख्खं वायरिंग नवं केलं. तारा तू ओढल्यास. त्या कामात तू माझ्यापेक्षा सरस होतास हे सगळा बाजार जाणत होता. जूनमध्ये आबा कसालहून याच गाडीने परत येत होते. पाऊस होता, दिवे लागलेले, वायपर चालू. चौक्याच्या वळणावर आधी धुराचा वास आला, मग एकदम सगळे दिवे गेले आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. बाबूच्या दोन बरगड्या मोडल्या. आबा तिसऱ्या दिवशी गेले.

गाडी पोलिसांच्या आवारात होती. मी जाऊन बॉनेट उघडलं. चोकच्या तारेला लागून गेलेला वायरींचा जुडगा वितळून एक गोळा झाला होता. तुझ्या हाताने बांधलेला जुडगा. मला आणखी काय बघायचं होतं?

आज चोकने हात भाजला आणि तो गोळा पुन्हा डोळ्यांसमोर आला. आता ही गाडी म्हणजे नवं वायरिंग, नवा चोक, दुसऱ्याच कोणा वायरमनचं काम. तुझी एक तार शिल्लक नाही तिच्यात. मग ती तार का तापते?

मला नीट झोप लागत नाही. लवकर लिही.

गुरुदास


मालवण,
१० एप्रिल १९८६

ह्युबर्ट,

या वेळी तुझी चारच वाक्यं. 'इंजिनपासून बॉडीला जाणारा तांब्याचा पट्टा बघ. आधी एक जाड वायर घेऊन इंजिन आणि बॉडी जोड, फरक पडतो का बघ. मग पट्ट्याचा बॉडीकडचा, उजव्या बाजूचा बोल्ट उघड. एकटा असताना उघड.'

शेवटचं वाक्य वाचून मी हसलो होतो. बोल्ट उघडायला मुहूर्त लागतो काय, असं सुगंधाला म्हणालोसुद्धा. तरी का कोण जाणे, तिला डाळ आणायला बाजारात पाठवलं आणि दुकानाची एक फळी लावून घेतली.

आधी जाड वायर लावली. क्लच असा बसला की कॉम्प्रेसरचा सूर बदलला. हॉर्न असा वाजला की समोरच्या हॉटेलातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मीटरवर चार व्होल्ट परत आले. चोक हळूहळू गार पडला. म्हणजे स्टार्टर उचलतो म्हणून अर्थिंग बरी, हे माझं शास्त्र मोडीत निघालं. स्टार्टरची वाट इंजिनवरून सरळ बॅटरीला जाते. बाकी सगळ्या गाडीची वीज मात्र बॉडीवरून त्या एका पट्ट्याने परतते. ती वाट अडली की वीज दुसरी वाट शोधते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं आणखी काय असतं? चोकची तार. म्हणून ती तापते, आणि शेजारी जे असेल ते वितळवते.

हे कळल्यावर मी तिथेच खाली बसलो. जुडगा चोकने जाळला होता. तुझा जुडगा जळाला होता, त्याने जाळलं काही नव्हतं.

मग बोल्ट उघडला. पट्टा बाजूला केला. ह्युबर्ट, पट्ट्याखालचा पत्रा चकचकीत असायला हवा होता. तो काळा होता. गंजाचा काळा नव्हे. लाखेसारखा कठीण, गुळगुळीत, नखाने निघेना असा काळा. हे मी लहानपणापासून बघत आलोय. हे काजूच्या टरफलांचं तेल, वाळलं की त्यातून वीज जात नाही.

आता तू आठव, कारण मला आता सगळं आठवतंय. मे महिन्याचा शेवट. इंजिन बाहेर होतं आणि तू तुझ्या मावसबहिणीच्या, इमेल्डाच्या साखरपुड्याला म्हापशाला गेला होतास, दोन दिवस. तू जाताना म्हणालास, पत्रा साफ ठेव, मी इल्यार पट्टो लावतंय. आबांनी तेव्हा नुकतीच होडी वर घेऊन पावसाआधीचं तेल दिलं होतं. डब्यात पाव तेल उरलं होतं. ते डबा घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "गाडयेक पण लाव मारे. होडयेक लावतंव तसा. खारो वारो लाकूड बघणा नाय नि लोखंड बघणा नाय."

आणि मी लावलं. आत, बाहेर, कोपऱ्या-कोपऱ्यात, दोन-दोन हात. होडीला तेल देताना एक बोटभर लाकूड कोरडं राहिलं तर आबा शिव्या घालायचे, त्यामुळे मी बोटभर जागा सोडली नाही. हातांची सालं निघाली होती, आठवतं? तू चिडवलंस की कात टाकलेला नाग. तेल दोन दिवस उन्हात वाळलं आणि बाबूला घाई होती म्हणून, इंजिन आत बसताच, तू यायच्या आधीच पट्टा मीच त्याच्यावर बसवला. पट्टा लावणं तुझं काम होतं, ते मी केलं. बोल्ट करकचून आवळला. बोल्टच्या आट्यांतून थोडी वीज जात राहिली, तेवढ्यावर गाडी तीन आठवडे चालली. पावसात दिवे आणि वायपर एकदम लागले आणि ती वाट पुरेना.

नंतर ज्याने वायरिंग केलं त्याने दिव्यांची अर्थिंग सरळ बॅटरीला नेलेली आहे, मी तपासलं. म्हणून इतकी वर्षं निभावलं. पणजीवाल्याने एसी बॉडीला जोडला आणि माझं काम उघडं पडलं.

होडी तेलाने जगते. गाडीला लोखंडाला लोखंड भिडायला हवं. दुकान उघडायच्या आधी दहा वर्षं मी होडीवर होतो, आणि होडीचं शहाणपण मी गाडीला लावलं. हे पुण्या-मुंबईच्या कुठल्या वायरमनने केलं नसतं.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की एक शब्द मागे घेत नाही. सगळे घेतो. आबा माझ्या हाताने गेले.

सुगंधा डाळ घेऊन आली तेव्हा मी बॉनेटखाली तसाच उभा होतो. तिने काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सापडलं.

गुरुदास


मालवण,
१४ एप्रिल १९८६

ह्युबर्ट,

मागचं पत्र तुला पोचलंही नसेल. हे रागात लिहितोय आणि राग जायच्या आत टपालात टाकणार आहे.

काल मी कार्मीनमायकडे गेलो. सात वर्षांनी. तुमच्या अंगणातली चिंच तोडलीत हेही मला माहीत नव्हतं. ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिला आता जवळचं दिसत नाही, सूप अगदी नाकाशी धरते. मी समोर उभा राहिलो तर ओळखलं आवाजावरून. "कोण, गुरू? बस. च्या करू?"

मी चहा नको म्हटलं. येताना सगळं घोकून आलो होतो, पण एवढंच तोंडून निघालं: "माय, ह्युबर्टाची चूक नव्हती. माझी होती. त्या गाडयेत तेल मी लायलंय, पट्टो मी लायलंय."

तिने सूप खाली ठेवलं नाही. एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "माका ठावक आसा."

मला वाटलं सुगंधाने सांगितलं. पण सुगंधाला तर मीच अजून धड सांगितलं नव्हतं.

"तेना बाराव्याच्या आदल्या दिसा माका सांगल्यान," ती म्हणाली. "पोलिसांकडे जावन तेना ता उघडून बघितल्ल्यान. मगे परत होता तसा बंद केल्यान. घराक येवन रडलो. म्हणालो, माय, गुरूचो बापूस गेलो. ह्या तेका कळला तर गुरू पण जातलो. तू कोणाक सांगशीत नाय. माका देवाच्या खुरसार हात ठेवन सपथ घेवक लायल्यान."

ह्युबर्ट, म्हणून 'एकटा असताना उघड'. म्हणून नंबर विचारलास. म्हणून चोक. तुला सात वर्षं माहीत होतं. बाराव्याला माझ्या खळ्यात केळीची पानं पुसत बसला होतास आणि मी तुझ्यावर बोट रोखून ओरडत होतो, तेव्हा तुला माहीत होतं. तू एक अक्षर बोलला नाहीस. पान ठेवलंस, चपला घातल्यास आणि गेलास. मी तेव्हा लोकांना म्हटलं, बघा, तोंडातून शब्द फुटत नाही, कारण मनात चोर आहे.

तुला हा अधिकार कोणी दिला? माझा गुन्हा उचलून तू वाळवंटात नेलास, कोणाला विचारून? मी तुला सात वर्षं शिव्या दिल्या. चांगल्या, कोरून कोरून दिल्या. बाजारात कोणी तुझं नाव काढलं की मी थुंकायचो. लोकांनी तुझ्या आईशी बोलणं टाकलं, मी ते होऊ दिलं. एक पोस्टकार्ड टाकलं असतंस तरी चाललं असतं. मी मेलो असतो तर मेलो असतो!

हे सगळं मी कार्मीनमायसमोर बोललो, तुला बोलायचं ते तिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, माय, तुका माझो राग नाय येणा?

"येता तर," ती म्हणाली. "दर नाताळाक येता. माझो झील थंय वाळूत, नि तू हंय आपल्या घरात. इगर्जेत सगळ्यांत मागच्या बाकड्यार एकटी बसतंय, कोण बाजूक येणा नाय. राग येता. पण तू तीन वर्सांचो असल्यापासून माज्या चुलीकडे जेवलंस रे. राग इलो म्हणान तुका खड्ड्यात घालू?"

मला वर बघवेना. म्हटलं, मी आता काय करू ता सांग. येत्या रविवारी इगर्जीच्या दारात उभो रवान सगळ्यांक सांगतंय.

तिने मान हलवली. "आमका कित्याक सांगतंस? आमच्या खळ्यात बोललंस काय तू? ज्या खळ्यात बोललंस, ज्या माणसांम्होरे बोललंस, थंयच सांग."

आबांची तिथी जूनअखेर आहे.

मी तुझ्यावर रागावलो आहे, ह्युबर्ट. ज्याचे पाय धरायला हवेत त्याच्यावरच माणूस रागावतो, हे मला कळतं. तरी रागावलो आहे.

गुरू


मालवण,
२ जुलै १९८६

ह्युबर्ट,

अडीच महिने झाले, तुझं उत्तर नाही. नको पाठवू. मला लिहायचं आहे ते मी लिहितो.

नीरजाबाईंची गाडी बरी झाली. पत्रा कानशीने घासून पांढरा केला, नवा पट्टा लावला, शिवाय एसीला वेगळी अर्थिंग दिली. पैसे घेतले नाहीत. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ही गाडी आमच्या घरातली आहे. त्यांना वाटलं, मी आधीचा मालक. काल त्या तिघा पेशंटना काचा लावून कुडाळला घेऊन गेल्या.

परवा आबांची तिथी झाली. दर वर्षी आम्ही घरच्या घरी करतो, यंदा मी बाराव्याला जे होते त्या सगळ्यांना बोलावलं. सुगंधाला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, पानं किती मांडूची? कार्मीनमायला आणायला ती स्वतः गेली. हात धरून तिला माझ्या भावकीमधून चालवत आणली आणि पुढच्या पाटावर बसवली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. धोंडूकाका, माझे चुलते, उठूनच चालले होते. मी म्हटलं, काका, बसा. माका बोलूचा आसा.

उभा राहिलो. वायरिंग, पट्टा, चोक असं समजावत गेलो तर कोणाच्या काही डोक्यात शिरेना. मग मी म्हटलं, आबांनी होडीचं तेल दिलं, मी ते जिथे लावायचं नाही तिथे लावलं, त्याने गाडी जळाली. ह्युबर्टला ते कळलं होतं. मी मरेन म्हणून तो बोलला नाही आणि माझी शिवी घेऊन निघून गेला. हे तेल म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. तिथल्या प्रत्येकाने ते हाताने लावलेलं आहे.

पानात भात वाढलेला, कोणी हात घालेना. शेवटी धोंडूकाका म्हणाले, "मगे सात वर्सां आमी ह्या बायेच्या दारासून मान वळवन गेलंव, ता कोणाच्या नावार घालूचा?"

"माज्या," मी म्हटलं.

काका उठले. मला वाटलं आता मारतात. ते कार्मीनमायच्या पानासमोर गेले, खाली बसले आणि म्हणाले, "बाय, जेव. तू जेवल्याबिगर आमी जेवूचंव नाय." ती जेवली. मग सगळे जेवले. जाताना दोघीतिघींनी तिला विचारलं, ह्युबर्ट कधी येतलो? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, ह्येका इचारा.

तर मला सांगायचंय ते असं. आबा गेले तेव्हा मी रडलो नाही. मला वेळच झाला नाही. आधी जुडगा बघितला, मग तुझ्यावर ओरडलो, मग सात वर्षं ओरडतच राहिलो. परवा पिंड ठेवताना माझ्या लक्षात आलं की तुलाही आमच्या माणसांत बसून रडता आलं नाही. तुझा बाप तू पाळण्यात असताना गेला. तुला वल्हं धरायला आबांनी शिकवलं, शाळेची फी त्यांनी भरली, तुझ्या पहिल्या पगाराचं धोतर ते सणासुदीला नेसायचे. माझा बाप गेला, असं मी खळ्यात ओरडलो. तुझाही गेला होता. आणि तुला मी त्याच्या बाराव्याच्या पानावरून उठवलं.

सुट्टी मिळाली तर ये, जमलं तर ये, असं लोक लिहितात. मी तसं लिहीत नाही. ये. माझ्यावर ओरड, मार, काय करायचं ते कर. पण ये. आबांसाठी आपण दोघांनी रडायचं राहिलंय, आणि मला ते एकट्याला जमत नाही.

तुझा,
गुरू